सासूबाईंच्या ताकातली पुडी

—ठेव ती क्रीम खाली, निर्मला. दुकान माझंच हाय, मी असं बोलू नये, पण तुझं दुखणं तोंडावर न्हाई, पोटात हाय. हसतीस काय? कॉलेजच्या दारात रोज वडापाव — आन् पोट साफ व्हतं का? न्हाई ना — मग. मी काय डॉक्टर न्हाई, पण आमच्या सासूबाईंचं बघितलंय की. तूच सांग, आमच्या आईंचे, उगमबाईंचे हात कसे व्हते? कोपरापातूर लालभडक. गल्ल्यावर बसून फुटपट्टीनं खाजवायच्या, गिऱ्हाईक बघायचं आन् माघारी जायचं. मलमं झाली, लेप झाले, काय उपेग न्हाई. शेवटी नारायणगावला दाखवलं. डॉक्टर म्हणाला, पोट बिघडलं की कुणाकुणाच्या कातडीवर निघतं, ह्या पुड्या ताकातनं घेऊन बघा — गुण येईल, न्हाई पण येणार. आईंनी इचारलं, ह्यात काय असतंय? आन् त्या शहाण्यानं खरं सांगितलं — चांगले जंतू, आजी, जिवंत.

झालं. आमच्या घरात पाणी गाळून पितात, दिवस मावळला की जेवण बंद, आन् ह्यो म्हणतोय जिवंत जंतू गिळा. आईंनी चपला घातल्या आन् सरळ एसटी स्टँड. मी म्हटलं, आई, तुमी व्हा पुढं, तुमची छत्री आत राहिली — आन् मागं जाऊन पुड्या घेतल्या. छत्री? छत्री कुठली, ऐन थंडीत कोण छत्री नेतंय. सुचलं ते बोलले. तवापासनं रोज दुपारी त्यांच्या ताकात एक पुडी, वरनं जिरं. पाप? अगं, दह्यात तरी दुसरं काय असतंय — ते चालतंच की. हात बघ कसे निवळलेत, दिवाळीला काचेच्या बांगड्या भरल्या त्यांनी. मंदिरात सगळ्यांना सांगत्यात, टोमॅटो सोडला म्हणून गुण आला. मी आपली मान हलवते.

पण भ्या वाटतं गं, खरंच लई वाटतं. कळलं तर माझ्या हातचं पाणी घ्यायच्या न्हाईत त्या. मालक दिवसभर मार्केटात, पोरं शिकायला बाहेर — मला घरात बोलायला तेवढ्याच तर हायेत. आन् पुड्या परवाच संपल्यात. माझा भाऊ पारस आणून द्यायचा, त्यो गेलाय सुरतेला. काल मनगट चोळताना बघितलं मी त्यांना, जेवण गेलं न्हाई मला. म्हणून तुला सांगतीय — तू रोज नारायणगावला जातीस. आणशील? खोकं तिथंच टाकून दे, नुसत्या पुड्या वहीत घालून आण. आन् हळू बोल, आई आतच पडल्यात, झोप लागली असंल, पण त्यांचं कान—

काय, आई? हां, निर्मलाच हाय. क्रीम बघतीय... न्हाई, झाकून ठेवलंय ताक... काय म्हणालात? दोन दिवस नुसतंच लागतंय? जिरं कमी पडलं असंल, आई, उद्या... कुणाला? निर्मलाला सांगू?... आन् येताना डॉक्टराकडनं तुमची छत्री पण घेऊन ये म्हणू?

...

जा तू, निर्मला. एसटी चुकंल तुझी.