गळ्यातला खडा

चन्नम्मा : तीन दिस तुझ्या ताटातली भाकरी मी गाईला घालतीया, गुरुसिद्धा. आज मला खरं काय ते सांग.

गुरुसिद्ध : पोट बरं नाही, अव्वा.

चन्नम्मा : मग पानी? पोट बिघडल्यालं मानूस पानी तरी पितंय. ओठ बघ कसं फुटल्यात. परवा तुझी कालिजातल्या पैल्या वर्साची, प्रिव्हियसची परीक्षा, आनि तुला भिंत धरून चालाय लागतंय!

गुरुसिद्ध : हळू बोला. बाकीचे कॉलेजातनं येतील आता.

चन्नम्मा : येऊ देत की. मी काय चोरी केलीया? आनि सारखा गळ्याला हात का नेतोस? दाव बघू ते गळ्यातलं लिंगाचं वस्त्र.

गुरुसिद्ध : नको अव्वा, गाठ सोडू नका!

चन्नम्मा : आगं बाई... ह्यो तर नदीतला खडा! तुझं लिंग कुठं हाय रं?

(कॉलेजच्या मागच्या अंगाला लिंगायत विद्यार्थ्यांचा हा लहानसा मठ. चन्नम्मा, सगळ्या पोरांची अव्वा म्हणजे आई, इथं बावीस जणांना जेवू घालते आणि बावीसही जणांना धाकात ठेवते. अंगावरचं इष्टलिंग म्हणजे जन्मापासूनचा देव. तो हरवला की गुरूनं दुसरा बांधेपर्यंत अन्नपाणी नाही, हा नेम तिला कुणी सांगायला नको होता.)

गुरुसिद्ध : पंचगंगेत गेलं. रविवारी पोहायला गेलतो. दोरा कुजला होता, मला कळलंच नाही. संगं रफिक होता, मुसलमान बोर्डिंगातला. अंधार पडंस्तवर दोघांनी बुड्या मारल्या. त्याच्या नाकातनं रक्त आलं तरी तो थांबेना.

चन्नम्मा : आनि ह्यो खडा?

गुरुसिद्ध : सकाळी सगळे पूजेला ओळीनं बसतात. रिकामा तळहात कसा दाखवू? खोटी पूजा केली अव्वा. पण जेवण काही खोटं करवलं नाही. घास तोंडापाशी आला की हात अडतो.

चन्नम्मा : आपलं गुरू शिवय्या अय्या हितं असतं तर आत्ता दुसरं बांधलं असतं. पर ते आजऱ्याकडं गेल्यात. शनिवारपातुर यायचं न्हाईत. आज बुधवार. तवर जगतोस व्हय?

गुरुसिद्ध : काका नाही जगला.

चन्नम्मा : कोन काका?

गुरुसिद्ध : अप्पांचा धाकटा भाऊ. त्याचं लिंग असंच हरवलं. अय्या पोचायच्या आधीच, सहाव्या दिवशी गेला. गावात समाधी आहे त्याची. अप्पा आल्यागेल्याला सांगतात, आमच्या घरचं माणूस मेलं, पण थेंब घेतला नाही. मग मी कुठल्या तोंडानं पाणी मागू? मला मरायची भीती वाटते अव्वा. लई वाटते. पण अप्पांची त्याहून जास्त वाटते.

चन्नम्मा : तुझा अप्पा आज गुळाच्या गाड्या घिऊन शाहूपुरीच्या बाजारात आलाय. मी सकाळीच सांगावा धाडला.

गुरुसिद्ध : अव्वा! काय केलंत हे?

चन्नम्मा : मग काय करू? महाराजांनी ह्या मठाला जागा दिली ती पोरांनी शिकावं म्हनून, हितं मरून पडावं म्हनून न्हाय. आलं बघ. पायतान वाजतंय.

भरमाप्पा : कुठं हाय आमचं पोरगं? बाई, जेवत न्हाय म्हनं! परीक्षेला भ्यालंय का?

चन्नम्मा : परीक्षेला न्हाय, तुमास्नी भ्यालंय. गळ्यात काय बांधलंय बघा. खडा हाय ह्यो.

भरमाप्पा : कवा हरवलं?

गुरुसिद्ध : रविवारी, अप्पा. नदीत. माझं चुकलं. पण पाणी घेतलं नाही, शप्पथ. काकासारखंच...

भरमाप्पा : काकाचं नाव घिऊ नगंस.

गुरुसिद्ध : अप्पा, खरंच एक थेंबही...

भरमाप्पा : गप म्हनतोय न्हवं! बाई, पानी आना. तांब्याभर. आनि गुळाचा खडा.

गुरुसिद्ध : नको अप्पा! अय्या येईपर्यंत नाही. तुम्हीच सांगता की, काकानं शेवटपर्यंत घेतलं नाही.

भरमाप्पा : घेतलं न्हाय, व्हय. पर त्यो मागत हुता.

गुरुसिद्ध : काय?

भरमाप्पा : पाचव्या राती. मी दारातच बसलोतो. 'अण्णा, घोटभर दे' म्हनला. मी म्हनलं, उद्या अय्या येत्यात, तवर कळ काढ. भाईर सारं गाव बसल्यालं. घराची अब्रू... चारदा मागितलं त्यानं. मग मागायचा थांबला. मला वाटलं, झोपला.

चन्नम्मा : शिवा शिवा!

भरमाप्पा : आजवर कुनाला सांगितलं न्हाय. समाधी बांधली नि मोकळा झालो.

चन्नम्मा : धरा पानी. पर शिवय्या अय्यास्नी काय सांगायचं?

भरमाप्पा : शनिवारी त्यांच्याम्होरं मी हुबा ऱ्हातो. त्यास्नी बोलायचं ते मला बोलू देत. ये रं, हिकडं सरक.

गुरुसिद्ध : पाप लागंल, अप्पा.

भरमाप्पा : पाप काय असतंय, ते मला इचार. तोंड उघड.

गुरुसिद्ध : अप्पा, तांब्यातलं पाणी सांडतंय.

भरमाप्पा : सांडू दे. तू पी.