चौथं चाक भिंतीकडे होतं

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, रुग्णालयाच्या वाहनखात्यातले माझे सारे सोबती, आणि ज्यांच्यासाठी आज हा हॉल भरला ते सत्कारमूर्ती दाबूकाका व काकू, सर्वांना माझा नमस्कार.

खातेप्रमुख म्हणून चार पानांचं भाषण लिहून आणलं होतं. ते खिशातच राहू द्या. तासाभरापूर्वी असं काही कानावर आलं की ते भाषण आता मला वाचता येणार नाही. ते सांगायला जीभ धजत नाही, म्हणून आधी काकांच्या कामाविषयी बोलतो.

दाबूकाका हे नाव का पडलं, हे ठाऊक नसलेलं इथे कोणी आहे का? रुग्णवाहिका परत आली की काका तिच्या एकेका कोपऱ्यावर तळवे ठेवत, अंगाचा भार टाकून दाबत आणि सोडून देत. गाडी एकदा वर येऊन गप्प झाली तर शॉक ॲब्सॉर्बर ठणठणीत. नाचत राहिली तर त्याचे दिवस भरले. "नावच चुकीचं आहे बघ," ते मला म्हणत. "धक्का खाते ती बिचारी स्प्रिंग. हा गडी फक्त तिची उसळी आवरतो. हा गेला की चाक रस्त्यावर नीट टेकत नाही. मग ब्रेकवर उभा राहिलास तरी काय उपयोग?" नळकांड्यावर तेलाचा ओलावा दिसला की बदला, आणि बदलायचे तर जोडीने. एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून कोणी चालतं का? मी नवा असताना कोपरा दाबून धरायचो आणि "ठीक आहे" म्हणायचो. काका हसायचे. "अरे, सोडल्याशिवाय काय कळणार? दाबून धरलीस तर प्रत्येक गाडी शहाणी."

आता बारा वर्षांपूर्वीचं. तीन नंबरची रुग्णवाहिका सकाळी वळणावर थांबली नाही, कठड्यावर गेली. सुदैवाने आत रुग्ण नव्हता. रुग्णासोबत जाणारे आमचे ब्रदर, म्हणजे परिचारक, होते, त्यांचा पाय मोडला. ते आज तिसऱ्या रांगेत काठी घेऊन बसलेत. पुढचा डावा शॉक ॲब्सॉर्बर मेलेला निघाला. आदल्या दिवशी ती गाडी मी तपासली होती आणि दुपारी पाळी संपवून घरी गेलो होतो. पण काका मला म्हणाले, "तुझ्यानंतर संध्याकाळी मी पुन्हा पाहिली. माझ्याच नजरेतून निसटलं." चौकशीत त्यांनी तेच सांगितलं. त्यांची बढती गेली. पुढे ती मला मिळाली. आणि ब्रदर, तुम्ही तेव्हापासून काकांशी एक शब्द बोललेला नाहीत.

आज काकाकाकूंना मीच गाडीतून घेऊन आलो. काकू मागे बसल्या होत्या. सहज म्हणाल्या, "त्या तीन नंबरच्या अपघाताच्या आदल्या दिवशी हे कुठले रे कामावर? माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दिवसरात्र उशाशी बसून होते. तुला तर ठाऊकच आहे."

मला ठाऊक नव्हतं. अध्यक्ष महोदया, मला खरंच ठाऊक नव्हतं. मी गाडी बाजूला घेतली. शेजारी बसलेले काका एवढंच म्हणाले, "पुढे बघून चालव."

ठाऊक नव्हतं म्हणजे मी निर्दोष, असं नाही. तीन नंबर त्या दिवशी तिरकी, पुढचा डावा कोपरा भिंतीला खेटून उभी होती. तीन कोपरे मी दाबले. चौथं चाक भिंतीकडे होतं, हात पोहोचेना. गाडी पुढे घ्यायचा कंटाळा केला आणि लिहिलं, "चारही ठीक." काका म्हणाले मी पुन्हा पाहिली, आणि मी विश्वास ठेवला, कारण तो सोयीचा होता.

हे मानपत्र बघा. फ्रेम छान आहे. सातवी ओळ अशी आहे, "एका चुकीचा अपवाद वगळता निष्कलंक सेवा." ही ओळ माझी. प्रामाणिक वाटावं म्हणून घातली होती. हे मानपत्र आज मी काकांच्या हातात देणार नाही. ती ओळ काढून नवं करून, त्यांच्या घरी नेऊन देईन. आणि अध्यक्ष महोदया, चौकशीचा तो कागद पुन्हा उघडावा, असा अर्ज उद्या आपल्या टेबलावर ठेवीन. पुढे माझं जे व्हायचं ते होवो.

काका मघापासून तळहाताने खूण करताहेत, खाली बस म्हणून. काका, बारा वर्षं तुम्ही हे दाबून धरलंत. सोडल्याशिवाय काय कळणार, हे तुम्हीच शिकवलंत ना?

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. "बोलण्याच्या ओघात काही चुकलं असेल तर पदरात घ्या," असं म्हणून एरवी वक्ते खाली बसतात. माझं बोलण्यात चुकलेलं नाही. ब्रदर, तुमचा पाय माझ्यामुळे मोडला. माफी मला नाही दिलीत तरी चालेल, पण आज घरी जाण्यापूर्वी काकांशी बोला.