उरलेला दाणा

(फ्लॉरेन्स, १५१२. हद्दपार झालेलं घराणं भालाइतांसह शहरात परतलं आहे. लापो हा नगराच्या महासभेत मतं गोळा करणारा म्हातारा. तेस्सा त्याची मुलगी.)

तेस्सा : सूप निवलं, बाबा. कधीचे ताटलीतल्या त्या काळ्या-पांढऱ्या दोन दाण्यांकडे बघत बसला आहात. बोला तरी.

लापो : काळा म्हणजे होय, पांढरा म्हणजे नाही. अठरा वर्षं बाकांमधून पिशवी फिरवली मी. हात मिटलेला आत जायचा, रिकामा बाहेर यायचा. कुणाचा दाणा कोणता, ते देवालाच ठाऊक.

तेस्सा : आज पिशवी नाही. घंटा झाली की चौकात जायचं. "महासभा मोडायची ना?" असं विचारतील, "होय" म्हणून ओरडायचं. एक शब्द.

लापो : भाल्यांच्या कड्यात.

तेस्सा : पहिल्या रांगेत! तुम्ही ओरडताना त्यांना दिसलात, तर तुरुंगातल्या बिंदोला आज सोडतील. नाहीतर उद्या फास. तुमच्या एकुलत्या मुलाला, बाबा.

लापो : नवा धनी दयाळू आहे म्हणतात. पण पोरी, दयाळू धन्याचा गुलामही सकाळी उठून आधी त्याचा चेहरा वाचतो. तो वाचावा न लागणं, एवढंच तर स्वातंत्र्य.

तेस्सा : मी जन्मभर चेहरेच वाचत आले. आधी तुमचा, मग नवऱ्याचा. तुमच्या महासभेत माझ्या हाती दाणा कुणी दिला होता?

लापो : कुणीच नाही. अठरा वर्षांत मला ते सुचलंही नाही.

तेस्सा : रागावू नका. शहर पुन्हा उभं राहील. फासावर गेलेला बिंदो परतायचा नाही.

लापो : तोच म्हणायचा, उघड्या मुठीनं दिलेलं ते मत नव्हे, मुजरा.

तेस्सा : मुजरा तर मुजरा. कंबर वाकते, मोडत नाही… ऐका, घंटा. हा घ्या झगा.

लापो : दे.

तेस्सा : हे काय? दाणा कशाला उचललात? तिथं दाणे कोण मोजणार आहे?

लापो : कुणी नाही. मुठीत असू दे.

तेस्सा : कोणता घेतलात? चौकात काय म्हणणार? बाबा, दाराशी तरी थांबा! बाबा?… बरं. ताटलीत एकच उरला असेल, त्याचा रंग दिसला तर तुमचा कळेल. डोळे मिटून त्यावर वाटी पालथी घालते आहे मी. बघितलं नाही, बाबा.