नववी ब आणि बावीस खांब

नववी ब : अहो सर, तुम्ही? इथे, परक्या देशात, या पडक्या देवळात?

सर : थांब! बोलू नकोस. चौदा... पंधरा... झालं! आता परत पहिल्यापासून.

बाई : चौथ्यांदा मोजतायत. खाली बसवाला भोंगा वाजवून दमला, पण यांचे खांब काही संपत नाहीत. तू कोण गं? चेहरा ओळखीचा वाटतोय.

नववी ब : बाई, मी तुमच्या शाळेतली. नववी ब. तुम्ही आम्हाला गणिताला होतात, सर इतिहासाला.

बाई : अगं बाई! आणि पाठीवर हे एवढं बिऱ्हाड? घरचे कुठायत?

नववी ब : एकटीच आलेय. महिनाभर अशीच भटकतेय, जुनी देवळं नि पडके किल्ले बघत.

बाई : जेवतेस तरी का नीट? वाळलीस.

नववी ब : बाई, तुम्ही मला पंचवीस वर्षांनी बघताय.

बाई : तेव्हापेक्षा वाळलीस.

सर : ब तुकडी म्हणजे एकजात दंगेखोर. बरं, आलीच आहेस तर सांग. या देवळाला खांब किती?

नववी ब : बावीस, सर.

सर : शाबास! बघ, अजून पाठ आहे पोरीला.

नववी ब : पाठ असणारच. पेपरात मी अठरा लिहिलं होतं. पुस्तकात देवळाचा नकाशा होता ना, त्यातले ठिपके मोजून. तुम्ही त्या उत्तराला शून्य दिलंत. पास व्हायला पस्तीस लागायचे, मला चौतीस. अख्खी सुट्टी फेरपरीक्षेत गेली. भावंडं मला अजून ‘अठरा’ म्हणून हाक मारतात.

बाई : एका मार्कासाठी नापास केलंत हिला?

सर : तत्त्वाचा प्रश्न होता.

नववी ब : सर, मी वाट वाकडी करून इथे आले ती मोजायलाच. सकाळी मोजले. अठरा आहेत. आता तुम्हीच समोर आलात, तर तुमच्या तोंडून एकदा ऐकायचंय. बाकी काही नको.

सर : चार पडले असतील. भूकंपात.

नववी ब : मग बुडखे कुठायत?

सर : नेले असतील लोकांनी. घरं बांधायला.

बाई : लोकांचं राहू दे. तुम्ही बावीस आणलेत कुठून ते सांगा.

सर : सरळ आहे. पुढे सहा, मागे सहा. या बाजूला पाच, त्या बाजूला पाच. झाले की बावीस!

बाई : आणि कोपऱ्यातले चार?

सर : त्यांचं काय?

बाई : ते दोनदा धरलेत! पुढच्या-मागच्या रांगेतही तेच आणि बाजूच्या रांगेतही तेच. अरे देवा! एकतीस वर्षं स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत बसत होतात. एकदा विचारायचं तरी!

सर : तुला विचारलं असतं तर वर्षभर ऐकवलं असतंस.

बाई : ऐकवलंच असतं. पण पोरगी पास झाली असती.

(सर एका पडलेल्या दगडावर बसतात.)

सर : पोरी, चुकलं माझं. अठराच आहेत. आणि खरं सांगू? मला हे तेव्हाच कळलं होतं. निकाल लागला, तू रडत बाहेर गेलीस, आणि मी नकाशा उघडून मोजला. पण भर वर्गात कबूल करायला जीभ रेटेना. मग दर वर्षी बावीसच सांगत राहिलो.

नववी ब : सर, मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं असतंत, तरी चाललं असतं हो.

सर : तेवढंही जमलं नाही.

बाई : थांबा, थांबा. तेव्हाच कळलं होतं? मग दुखऱ्या गुडघ्यांनी मला एवढ्या पायऱ्या चढायला लावून, चार-चार वेळा मोजायला इथे आलात कशाला?

सर : वाटलं, नकाशाच चुकला असेल.