शेंदराखालचा नंबर
चहा उकळतोय तोवर आमच्या दादाचं सांगते. तो नांदुऱ्याचा गोंधळी, सरकारी कलापथकातून परदेशी गेला होता. जाताना मुंबईच्या कस्टमने त्याच्या संबळावर नंबर घालून कागद दिला. तोच संबळ परत आणला तर जकात नाही, नाहीतर संबळ जप्त.

परतल्यावर कस्टमच्या साहेबाने विचारलं, "नंबर कुठं आहे?"

"शेंदराखाली हाय, साहेब. तिकडंच दसरा आला, मंग पूजा केली."

"पुसा तो शेंदूर."

"देवीचा शेंदूर मी नाही पुसत. तुमाले पाहिजे तं तुमी पुसा."

साहेबाने शिपायाकडे पाहिलं. शिपाई हात जोडून मागे सरकला. मग साहेबाने स्वतःच रुमाल काढला, घटकाभर हातात धरला आणि पुन्हा खिशात घातला.

शिक्का मारत म्हणाला, "पुढच्या दसऱ्याला नंबर सोडून शेंदूर लावा!"