रजेवर आहे, एवढं पुरे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या लाँड्रीचे मालक, व्यासपीठावर विराजमान झालेले व्यवस्थापकसाहेब, आमचे मुकादमकाका, आज निवृत्त होणाऱ्या उत्सवमूर्ती ताई, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेले त्यांचे यजमान, आणि बॉयलरपासून डिलिव्हरीच्या गाडीपर्यंत सगळीकडून हात पुसत पुसत आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोन शब्दांत आटपणारी बाई मी नाही, हे सांगणाऱ्यांना माहीत होतं. तरी त्यांनी माईक हातात दिला, तेव्हा आता त्यांनीच निस्तरावं.

मी ताईंची जोडीदारीण. पाहुण्यांसाठी सांगते, आमच्या घडी विभागात काम जोडीनं चालतं. हॉटेलच्या मोठ्या पलंगाची चादर एकटीला आवरत नाही. दोन टोकं ताईंच्या हातात, दोन माझ्या. झटकायची, ताणायची, मधे येऊन टोकं जुळवायची आणि पुन्हा मागं व्हायचं. दिवसभर हेच. नवराबायकोसुद्धा आयुष्यात इतक्या वेळा समोरासमोर येत नसतील. यजमान मान हलवताहेत, म्हणजे पटलेलं दिसतंय.

या जोडीमुळेच आमच्याकडे एक रीत पडली. सकाळी भोंगा झाला की सगळे बॉयलरपुढे जमतात आणि मुकादमकाका हजेरी घेतात. कोणी आलं नसेल, तर त्याच्या जोडीदारानं पुढं यायचं आणि तो का आला नाही, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. रीत वाईट मनानं पडली नव्हती, हे मान्य करायलाच हवं. कोणाच्या घरी दुखणंखुपणं असेल तर कळावं, चार माणसांनी धावून जावं, एवढाच हेतू होता. "आपण एक कुटुंब आहोत," असं मालक नेहमी म्हणतात. अगदी खरंय. आणि कुटुंबात एकाची गोष्ट दुसऱ्याला कळली की पुढं काय काय होतं, ते तुम्हा संसारी माणसांना मी काय सांगू?

आपल्या बॉयलरवाल्या दादांनी कवळी बसवायला रजा घेतली होती. आठवतंय ना? नंतर कितीतरी दिवस जो भेटेल तो, "दादा, हसा बघू." आपण ते हसण्यावारी नेलं. दादा, तुम्ही आत्तासुद्धा तोंडावर हात धरून बसलायत, मला इथून दिसतंय.

आणि इस्त्रीवर एक वहिनी होती. तिचं मूल पोटातच गेलं. तिच्या जोडीदारणीनं रीतीप्रमाणे हजेरीला ते सांगितलं. वहिनी कामावर परतली त्या दिवशी जेवणाच्या सुटीत कोणी तिला डॉक्टर सुचवला, कोणी औषध सुचवलं, कोणी म्हणालं, "जड उचललं असशील गं." वाकडं कोणीच बोललं नाही हो. सगळे मायेनंच बोलले. महिनाभरात ती काम सोडून गेली. ती आज या सभागृहात असायला हवी होती. मला त्याचा अजून राग येतो आणि तो येत राहावा असंच मला वाटतं.

त्यानंतर ताईंनी कारण सांगणं बंद केलं. आठवडाभर आधी काकांकडे जायच्या आणि म्हणायच्या, "माझी रजा शिल्लक आहे, त्यातली एक हवीये."

"कशाला?"

"मला हवी आहे म्हणून."

आवाज चढवायच्या नाहीत. आदल्या दिवशी आपलं काम उरकून जायच्या. आणि दुसऱ्या दिवशी हजेरीला तोंड द्यायला मी.

"तुझी जोडीदारीण कुठंय?" काका विचारायचे.

"रजेवर."

"ते दिसतंय. का?"

"तिचं काम आहे."

"काय काम?"

"तिचं."

काका, तुम्ही हसताय, पण तेव्हा हसला नव्हतात. तेव्हा तुम्ही आमची जोडी फोडलीत. ताईंना ओल्या कपड्यांकडे टाकलंत. तिथल्या गाठोड्यांनी त्यांच्या मनगटांची काय दशा झाली ते यजमानांना विचारा. ठरलेली बढतीही गेली. आणि मला काय दिलंत? भिंतीला दोन आकडे ठोकून दिलेत. चादरीची एक बाजू आकड्यांना अडकवायची आणि दुसरी मी धरायची. एक सांगते, आकडे बरे होते. ताई कुठं गेल्या होत्या, असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

पण घड्या वाकड्या व्हायला लागल्या. हॉटेलांकडून चादरी परत यायला लागल्या, तेव्हा कुठं ताई पुन्हा माझ्यासमोर आल्या. हृदयपरिवर्तन वगैरे काही झालं नव्हतं. गिऱ्हाईक ओरडलं, एवढंच.

तोवर अफवांचं पीक आलं होतं. ताई दुसरीकडे नोकरी करतात. ताईंचा कोर्टात खटला चाललाय. एका हुशार माणसानं तर ताई सिनेमात गर्दीत उभ्या राहतात असं शोधून काढलं. तो सिनेमा कुठला, ते मात्र त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

आज कार्यक्रमाआधी काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता ताई निवृत्तच झाल्या. भाषणाच्या शेवटी सांगून टाक की काय होतं ते. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल." काका, तुमचा मान ठेवून सांगते, लोकांच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून ताईंनी रजा घेतल्या नव्हत्या. मला कारण माहीत आहे का? तेही सांगणार नाही. आणि ते फार मोठं, फार दुःखाचं असलं पाहिजे, अशी समजूत करून घेऊ नका. कदाचित ताई घरी जाऊन पंखा लावून झोपत असतील. रजा त्यांची, झोप त्यांची.

व्यवस्थापकसाहेबांना वाटतं, कारण विचारलं नाही तर लोक थापा मारतील. साहेब, विचारता म्हणूनच मारतात. एकाच माणसाच्या एकाच आजीसाठी आपण दोनदा उभं राहून शांतता पाळली आहे. तो माणूस मागच्या रांगेत बसलाय आणि आजीची तब्येत उत्तम आहे.

आता मुद्द्याचं. काका बढतीवर ऑफिसात जाताहेत आणि सोमवारपासून मुकादम मी, असं मालकांनी मघाशी जाहीर केलं. टाळ्या वाजल्या, मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पण त्याच वेळी साहेबांच्या टेबलावर इस्त्रीवरच्या सगळ्यात लहान मुलीचा, आपल्या धाकटीचा, राजीनामा पडलेला आहे. तिनं मंगळवारची रजा मागितली. कारण सांगितलं नाही, म्हणून नाकारली गेली. तिला मंगळवारी जायचंच आहे, म्हणून ती नोकरी सोडायला निघालीय. एक वहिनी आपण अशीच घालवली. ही दुसरी मी घालवू देणार नाही.

मालक, तुमच्यासमोर आणि सगळ्यांदेखत सांगते. सोमवारी भोंगा झाला की हजेरी मी घेणार. शिल्लक रजा आहे का आणि वेळेवर कळवलं का, एवढंच बघणार. मंगळवारी धाकटीचं नाव आलं की 'रजेवर' म्हणणार आणि पुढचं नाव घेणार. तिच्या जागी मी स्वतः उभी राहीन, काम अडणार नाही. हे चालणार नसेल तर मुकादमी दुसऱ्या कोणाला तरी द्या. मी माझ्या आकड्यांकडे परत जाईन, आमची जुनी ओळख आहे. पण साहेब, तिचा राजीनामा तुम्ही तिला आज परत द्याल, असं धरून मी खाली बसणार आहे.

ताई, तुम्हाला सुखाचं आयुष्य लाभो. आता रोजच सुट्टी, कोणापुढं हात पसरायला नको. मालकांनी बोलायची संधी दिली, साहेबांनी घड्याळ बघत का होईना पण ऐकून घेतलं, काकांनी राग गिळला, आणि तुम्ही सगळे चहा थंड होत असताना बसून राहिलात, त्याबद्दल सर्वांची मनापासून आभारी आहे. जे बोलले, त्यात काही उणंअधिक झालं असेल तर क्षमा असावी. जे बोलले नाही, त्याची क्षमा मी मागत नाही.