दुधातली पूड

कानाच्या डॉक्टरांच्या खोलीतून एक आजोबा बाहेर आले आणि माझ्या शेजारी बसलेल्या आपल्या बायकोजवळ टेकले.

“अगं, डोकं ठणठणीत आहे माझं. दोन्ही कानांत मळाचे बोळे होते.”

“म्हणजे मी सांगितलेलं तुम्ही विसरत नव्हतात?”

“ऐकूच येत नव्हतं, तर विसरणार काय, कपाळ!”

“आणि मी मेली रोज तुमच्या दुधात लेसिथिनची पूड घालत होते. स्मरणशक्तीला चांगली म्हणे.”

“तरीच दूध असं बुळबुळीत लागायचं!”

“मग बोलला का नाहीत?”

“वाटलं, तुझ्या हाताची चव गेली. कशाला दुखवायचं?”

“मला वाटायचं, एक दिवस मलाच विसराल.”

“वेडी आहेस का? तुला कसा विसरेन?”

“अहो, मी नुसतं पुटपुटले.”

“हो ना. ऐकू आलं.”